रिकाम्या खुर्चीवरचा दिवा

गूढ अनुभवांच्या या सदराचा मी जुना वाचक, पण वाचायचो ते हसायला. कुणी असलं काही सांगायला लागलं की "आधी वायरिंग तपासलंत का?" असं विचारणारा मी माणूस. त्यामुळे आता मीच लिहितोय म्हटल्यावर मित्र यथेच्छ टिंगल करणार... करू देत.

२००७ चा हिवाळा. मी आणि माझी बायको अनघा तेव्हा न्युरेम्बर्गला दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. माझं काम प्रेझेन्झमेल्डर बनवणाऱ्या टीममध्ये. म्हणजे खोलीत माणूस आहे की नाही हे ओळखून दिवा लावणारं-विझवणारं यंत्र. अंगाची ऊब, जराशी हालचाल जाणवली की दिवा लागतो. कुणी नसलं की थोड्या वेळानं आपोआप विझतो आणि वीज वाचते. नव्या मॉडेलचे दोन नमुने मी चाचणीसाठी घरी आणले आणि आतल्या छोट्या खोलीत बसवले. एक टेबलावरच्या दिव्याला, दुसरा खिडकीजवळच्या आरामखुर्चीवरच्या दिव्याला. ज्याच्याखाली माणूस, तेवढाच दिवा चालू.

अनघा दुपारी त्या टेबलाशी जर्मनचा अभ्यास करत बसायची. जानेवारीत ऑफिस सुटायच्या आतच अंधारतं. एकदा मी लवकर निघालो, ट्राममधून उतरून खालून पाहिलं तर खोलीतले दोन्ही दिवे चालू! वर गेलो. अनघा टेबलाशी एकटीच. मी दारात उभा राहिलो आणि खुर्चीवरचा दिवा माझ्या डोळ्यांदेखत विझला.

"कोण आलं होतं?"

"कोण येणार? काहीतरीच तुझं."

दुसऱ्या दिवशी तेच. नंतरही तेच. खालून पाहावं तर दोन दिवे, मी आत शिरलो की एक. खिडकीखालच्या हीटरची गरम हवा यंत्राला फसवत असेल म्हणून तो बंद करून पाहिला. दोन्ही यंत्रांची अदलाबदल केली. फरक शून्य. ऑफिसात टीममधल्या थॉमसला सांगितलं तर तो पठ्ठ्या गालातल्या गालात हसत म्हणाला, "हे बघ, यंत्र बरोबर आहे, मंदार. तुझ्या बायकोकडे पाहुणा येतो."

तो गंमत करत होता. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. अनघा हल्ली खूश दिसायची... जर्मनच्या कोर्सला नवनवी माणसं भेटायची तिला... मी येताच उठून जाणारा हा कोण? जेवताना तिचा चेहरा न्याहाळू लागलो. तिचं हसणंसुद्धा मला खुपायला लागलं.

शेवटी एका दुपारी जिन्यातच बूट काढले आणि आवाज न करता दार उघडलं. आतून अनघाचा आवाज आला —

"अहो, घ्या ना. गार होतोय चहा."

अहो! आमच्या लग्नाच्या पहिल्या दिवसापासून ही मला 'अरे' म्हणते. इथल्या मराठी मंडळात झाडून सगळ्यांशी अरे-तुरे. आणि हा 'अहो' कोण, तोही इतक्या लाडानं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाडकन आत शिरलो.

टेबलावर दोन कप. खुर्ची रिकामी, तिच्यावरचा दिवा चालू... आणि मग विझला.

"कुणाशी बोलत होतीस?"

ती दचकलीसुद्धा नाही. "बाबांशी," म्हणाली.

बाबा म्हणजे माझे वडील. आदल्या उन्हाळ्यात ते साताऱ्याहून आमच्याकडे राहायला येणार होते. ती आरामखुर्ची आम्ही त्यांच्यासाठीच जुन्या बाजारातून आणली होती. व्हिसा हातात पडला आणि ते गेले. सून सासऱ्यांना 'अहो' म्हणणार, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरू नये!

"आधी दिवा लागायला लागला," अनघा म्हणाली, "मग मी बोलायला लागले. ते बोलत नाहीत रे. नुसते बसतात. तू आलास की उठतात."

आता खरं तर माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. तसं काही झालं नाही, उलट जास्तच जळफळाट झाला. फोनवर बाबा माझ्याशी "जेवलास का? बरं, तिला दे" एवढंच बोलायचे, आणि मग तिच्याशी अर्धा अर्धा तास गप्पा. आता मेल्यावरही तेच?

"ते माझे वडील आहेत, अनघा! तुझे नव्हेत."

ती दुसरा कप तसाच ठेवून उठली. "मग तू बस इथे. मी बाहेर जाते," म्हणाली, आणि दार लोटून घेतलं.

मी टेबलाशी बसलो. माझ्यावरचा दिवा चालूच होता. "बाबा, चहा घ्या," म्हटलं. स्वतःचाच आवाज विचित्र वाटला. चहावर साय धरली. समोर अंधार.

नंतर कितीदा तरी बसलो. पुढे आम्ही हॅनोव्हरला गेलो, खुर्ची नेली, यंत्रंही नेली. अनघाच्या खोलीत अजूनही, मी नसताना, दोन दिवे लागतात. ते मॉडेल सगळ्या चाचण्या पास होऊन कधीच बाजारात गेलं, कुणाची एक तक्रार नाही.

हे का होतं, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणी इंजिनिअर असेल आणि त्याला कारण सुचलं, तर कृपा करून कळवू नका. एकदा, फक्त एकदा, मी एकटा असताना तो दिवा लागू दे.