प्रभाकर मास्तरचा तोफखाना

प्रभाकरला मी तो चड्डीत होता तेव्हापासून ओळखतो, म्हणून त्याच्याबद्दल चार शब्द वाकडे बोलायचा हक्क मला आहे. पांढुर्ण्याच्या शाळेत तो ड्रिलमास्तर होता. शिट्टी फुंकायची, पोरांना रांगेत उभं करायचं आणि पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढे ढोल बडवायचा, एवढंच त्याचं काम. पण त्याला सुखाने पगार खाणं कधी जमलंच नाही. मी कापडाचा दुकानदार. संध्याकाळी दुकानाला कुलूप लावलं की पेटी वाजवतो. गुरूसमोर बसून शिकलो आहे आणि गाण्यात धांगडधिंगा मला आजही खपत नाही.

इंग्रज गेले तेव्हा कामठीच्या छावणीतलं बरंच सामान मोडीत निघालं. शहाण्या लोकांनी कपाटं घेतली, खुर्च्या घेतल्या. प्रभाकरने घेतला गोऱ्यांच्या नाचघरातला ड्रमचा संच. पायाने वाजवायचा एक मोठा ढोल, त्याच्याभोवती दोन-तीन लहान, आणि लोखंडी दांड्यावर टांगलेली पितळी झांज. एकच माणूस दोन्ही हातांनी आणि पायाने ते सगळं वाजवतो. नागपूरहून पॅसेंजरने हे लटांबर घेऊन तो उतरला, तेव्हा अर्धं स्टेशन बघायला जमलं. घरी सरलावहिनी दारात उभी होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नदीपलीकडच्या सावरगावची पोर, बोलायला फटकळ. तिने तो पसारा पाहिला आणि म्हणाली, "खोली एकच हाये आपल्याजोळ. आता बाहेर कोन झोपते, हे ढोल का मी?"

मी त्या संचाचं नाव तोफखाना ठेवलं आणि गावाने ते उचललं.

लहानपणी पोळ्यात डफडं वाजवून प्रभाकरचे हात तयार झालेले होते. पायाला वेळ लागला. पण नुसतं वाजवून भागतं तर तो प्रभाकर कसला. त्याला वाद्यवृंद पाहिजे होता, आणि त्याच्या मधोमध हा तोफखाना. पोस्टातला श्रीकांत आणि मुलींच्या शाळेतल्या नलिनीबाई यांना त्याने व्हायोलिनसाठी पकडलं. लग्नाच्या बँडमधला एक क्लॅरिनेटवाला आणला. पेटीसाठी माझ्या दुकानात येऊन बसला.

मी म्हणालो, "अरे, व्हायोलिन म्हणजे कानात बोलनं. त्याच्या उशाशी तू तोफ डागतो का?"

"रघुनाथराव, आपली जाम नदी उन्हाळ्यात आवाज करते का?"

"नाही करत."

"अन् पुरात? नदी तेच हाये ना जी?"

दुसऱ्या दिवशी पेटी उचलून तालमीला मी गेलो. पहिले कित्येक दिवस तालमीत आम्ही चौघं वाजवत होतो आणि ऐकू फक्त तोच येत होता. नलिनीबाई एकदा गज खाली ठेवून सरळ घरी निघून गेल्या. मग प्रभाकर शुद्धीवर आला. मोठ्या ढोलात त्याने माझ्या दुकानातलं मांजरपाट कोंबलं, फुकट. काठ्यांऐवजी शिंदीच्या झाडूच्या काड्या बांधून त्याने कातड्यावर फिरवून पाहिल्या, तर वाळूवरून पाणी सरकावं तसा आवाज निघाला. त्यावर व्हायोलिनचा लांब सूर ठेवला. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. त्या रचनेला आम्ही 'नदी' म्हणायचो. सुरुवातीला कोरडं पात्र, मग झिरपणं, मग ओढ, मग पूर, आणि पूर ओसरला की पुन्हा एकटं व्हायोलिन.

आता गोटमारीबद्दल सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात मधोमध पळसाचं झाड रोवतात. त्याला झेंडा म्हणायचं. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि दिवसभर एकमेकांवर गोटे. जो झेंडा तोडेल तो जिंकला. संध्याकाळी मात्र तेच लोक तो झेंडा मिळून खांद्यावर घेतात आणि चंडीमायच्या देवळात नेतात. या सगळ्याला ढोल लागतो. गोटे चालू असताना एक चाल असते, तिला आम्ही गोट्याची चाल म्हणतो. ती ऐकली की आमच्याकडच्या म्हाताऱ्याचाही हात आपोआप जमिनीकडे जातो. ती वाजता वाजता एकदम थांबली, की समजायचं, कोणीतरी झेंड्यापाशी पोचला. मग गोट्यांचा नुसता पाऊस पडतो. आणि संध्याकाळी देवळाकडे जाताना वेगळी चाल, संथ, खांद्यावर ओझं घेऊन चालणाऱ्या पावलांची.

छप्पन सालच्या गोटमारीला प्रभाकरला अवदसा आठवली. तोफखाना बैलगाडीत घालून त्याने पांढुर्ण्याच्या काठावर मांडला आणि दिवसभर गोट्याची चाल वाजवली. असा आवाज त्या नदीने कधी ऐकला नव्हता. आमच्याकडची पोरं चेकाळली. दुपारी एक गोटा सरलावहिनीचा भाऊ कवडू याच्या तोंडावर बसला आणि त्याचा डावा डोळा गेला. संत्र्याची बाग करणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा तरणाताठा माणूस.

सरलावहिनी भांडली नाही. तिने ट्रंक भरली. मी तिथेच होतो. ती प्रभाकरला म्हणाली, "गोटा तुमी नाही मारला, हे मले बी समजते. पन हा ढोल वाजला का मले कवडूचा डोळा दिसते. मी का करू?" आणि पूल ओलांडून माहेरी गेली. प्रभाकर नंतर सावरगावला जाऊन आला, पुन्हा गेला. सासूने पाणी दिलं. कवडू खोलीतून बाहेर आला नाही.

दिवाळीत राज्य बदललं. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही राहिलो मध्य प्रदेशात. कोर्ट नागपूरचं, बाजार नागपूरचा, सोयरीक नागपूरची, आणि सगळं एका रात्रीत परराज्य झालं. कोणी पेढे वाटले, कोणी दार लावून बसलं, चौकाचौकात बाचाबाची. अशात तहसीलदार साहेबांचा हुकूम आला की भाऊबीजेनंतर शाळेच्या पटांगणावर समारंभ करा, आसपासची गावं बोलवा, काहीतरी गाणंबजावणं ठेवा. गाणंबजावणं म्हणजे आम्हीच. प्रभाकर माझ्याकडे आला.

"सावरगावले जाता का जी? म्हणा, 'नदी' वाजवून राहिलो. त्यात गोट्याची चाल नाही, अन् माझ्या हातून आता कधीच नाही. आयकाले या म्हणा."

गेलो. माझ्यासारखा माणूस असल्या निरोपाला कधी गेला नव्हता. सरलावहिनीने ऐकून घेतलं आणि निवडायचे तांदूळ बाजूला सारले. मग म्हणाली, "येतो आमी. कवडू गाडी हाकते. माझी ट्रंक गाडीतच राहीन. ती चाल नाही वाजली तं तिथूनच घरी येते. वाजली तं गाडी जशी आली तशी वापस. मंग मले न्यायला कोनी येऊ नका." कवडू ओट्यावर बसला होता, डोळ्यावर हिरवी पट्टी.

समारंभाच्या दिवशी पटांगण गच्च भरलं. सांगायला नको, पण पांढुर्ण्याचे लोक डावीकडे बसले आणि सावरगावचे उजवीकडे. मधे साहेबांच्या खुर्च्या. नेमकी त्याच वेळी सडकेची दुरुस्ती चालली होती आणि कुंपणाला लागून गिट्टीचे ढीग पडले होते. म्हणजे गोटे आयते हाताशी. उजवीकडे, बायकांच्या मागे, कवडूची गाडी उभी होती. मंचावरून ट्रंक स्पष्ट दिसत होती.

साहेबांचं हिंदीतलं भाषण लांबलं. लोक चुळबुळायला लागले, मागून कोणीतरी विदर्भाच्या नावाने ओरडलं, दुसऱ्याने त्याला शिवी दिली. त्या तापलेल्या गर्दीत आम्ही सुरुवात केली. कोरडं पात्र, झाडूच्या काड्या, नलिनीबाईंचा सूर. गर्दी हळूहळू गप्प झाली. झिरपणं झालं, ओढ आली, क्लॅरिनेट चढलं. प्रभाकरने काठ्या उचलल्या आणि पूर सुरू झाला. इथे लोकांना राहवलं नाही. डावीकडच्यांनी टाळ्या धरल्या. पांढुर्ण्याच्या लोकांना हातात ठेका घ्यायला सांगितलं तर ते दुसरा कोणता घेणार? टाळ्या हळूहळू गोट्याच्या चालीवर गेल्या. आणि त्यांच्यामागे प्रभाकरचा पाय गेला.

मला ते सगळ्यांच्या आधी कळलं, कारण मी त्याच्या शेजारी होतो. मोठा ढोल त्या चालीवर पडत होता आणि मागोमाग हातही तिकडे वळले. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. म्हणजे त्यालाही कळलं होतं, पण हातपाय ऐकत नव्हते. उजवीकडे पाच-पंचवीस जण उठून उभे राहिले. डावीकडे एकजण वाकून कुंपणाखालून हात घालत होता. मी दबक्या आवाजात म्हणालो, "थांब." त्याने नाही म्हणून मान हलवली. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकदम थांबणं म्हणजे तर गोटे सुरू. तो थांबू शकत नव्हता आणि वाजवूही शकत नव्हता. साहेब बिचारे हसऱ्या चेहऱ्याने मान डोलवत होते. त्यांना वाटलं, कार्यक्रम रंगला.

प्रभाकर माझ्याकडे न बघता म्हणाला, "देवळाची धरा. जोरात."

त्याने पाय तसाच ठेवला आणि हातांतला एकेक ठोका गाळायला सुरुवात केली. झांज सोडली. मग लहान ढोल सोडला. चाल जड होत चालली, संथ होत चालली, पण तुटली नाही. मी जन्मात पहिल्यांदा पेटीचे सगळे सूर उघडे टाकून भाता ओढला आणि चंडीमायची आरती धरली. नलिनीबाईंना एका ओळीत कळलं. त्यांनी गज घातला, श्रीकांतने घातला. आता ढोल देवळाकडे निघालेल्या पावलांचा होता, पण लोक अजून उभेच होते. हात खाली होते की भरलेले, मला दिसत नव्हतं. मला भीती वाटत होती, हे सरळच सांगतो.

तेवढ्यात उजवीकडून एक आवाज आला. "चंडीमाय की जय."

कवडू होता. गाडीच्या जुवावर पाय देऊन उभा. त्या हाकेला देवळाच्या वाटेवर दोन्ही गावं ओ देतात. ओ दिली नाही तर मायचा कोप होतो, असं पाळण्यात असल्यापासून कानावर पडलेलं. आधी सावरगावने दिली. मग इकडून, थोडी उशिराने, पांढुर्ण्याने दिली. कुंपणापाशी वाकलेला सरळ झाला आणि हात धोतराला पुसत खाली बसला. आम्ही आरती संपवली. शेवटी एकटं व्हायोलिन राहायचं होतं, ते नलिनीबाईंनी ठरल्याप्रमाणे वाजवलं.

साहेबांनी हार घातला. प्रभाकरने तो माझ्या पेटीवर टाकला आणि गर्दीतून गाडीकडे गेला. मीही मागे गेलो. सरलावहिनी गाडीला टेकून उभी होती.

"पाय गेला तुमचा," ती म्हणाली. "मी आयकलं."

"गेला," प्रभाकर म्हणाला. लोकांच्या टाळ्यांचं नाव त्याने घेतलं नाही.

"मंग वापस कसे आले?"

"मले तिथून तुही ट्रंक दिसून राहिली होती."

मी कवडूकडे पाहिलं. त्याने बैलांचे कासरे बांधले, गाडीवर चढला आणि ट्रंक खाली उतरवली. उतरवून प्रभाकरच्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, "जड हाये, भाऊजी. दोघं धरू." त्या दिवशी ट्रंक ते दोघं घेऊन गेले आणि तोफखाना मला एकट्याला आवरावा लागला. तोफखाना घरात राहिला. वहिनीची अट एकच, ती चाल पुन्हा नाही.

'नदी' आम्ही पुढे वर्षानुवर्षं वाजवली. सौंसरला, जामसांवलीला, कुठे कुठे. पुरात जिथे त्याचा पाय गेला होता, ती जागा प्रभाकरने कशानेही भरली नाही. तिथे आलो की सगळे थांबायचो आणि मनातल्या मनात ताल मोजायचो. परक्या गावात लोकांना वाटायचं, हे विसरले. आपल्या भागात मात्र माणसं खाली बघायची. तिथे काय वाजत नाही, ते सगळ्यांना ऐकू यायचं. मी कितीदा म्हणालो की हे बरं दिसत नाही, दुसरं काहीतरी घाल. तो ऐकेल तर ना.

मोहगावच्या एका कार्यक्रमात कवडू पुढच्या खुर्चीवर होता. केस पांढरे झालेले, नातू झालेले. शेजारी सरलावहिनी. पूर आला, ती जागा आली, आम्ही थांबलो. त्या शांततेत खुर्चीच्या हातावर बोटं वाजल्याचा आवाज आला. कवडू गोट्याची चाल वाजवत होता. हळू, पण पुरती, एकही ठोका न गाळता. आमची मोजणी कधीच संपली होती. प्रभाकर काठ्या वर धरून थांबला, आम्हीही थांबलो. सरलावहिनीने भावाच्या हाताकडे पाहिलं पण तो हात धरून थांबवला नाही.

त्याची चाल वाजवून झाली, तेव्हा प्रभाकरने पुढचा ठोका दिला.