उघड्या कॉम्प्युटरची पूजा

देवीदासच्या घरात कुंकवाशिवाय कुठलंही यंत्र सुरू होत नसे. बोअरमध्ये मोटर उतरली, कुंकू. फवारणीचा पंप आला, कुंकू. लेकीचा कॉम्प्युटर आला तेव्हा तर हा गडी नारळच घेऊन आला होता. पोरीनं आत फोडू दिला नाही म्हणून अंगणात फोडला. अंजनगाव सुर्जीच्या शिवारात झेंडू पिकवणारा हा माणूस. शाळा जेमतेम सातवीपर्यंत, पण लोखंडालाही जीव असतो यावर त्याचा पक्का भरवसा. लोक हसायचे. हसोत बापडे! हसणाऱ्यांच्या मोटरी जळल्या, याची कधी जळली नाही, हेही तितकंच खरं.

रागिणी त्याची एकुलती लेक. घरी बसून ती इमारतींचे नकाशे काढायची. पुण्याच्या एका कंपनीनं तिला एक मोठं काम पारख म्हणून दिलं होतं. ते दसऱ्यानंतर ठरल्या तारखेला पोचलं, तर तिला घरूनच कायमचं काम मिळणार होतं. नाही तर पुण्याला जाऊन मिळेल ती नोकरी धरायची, असं तिनं साफ सांगून टाकलं होतं. त्यामुळे देवीदासचा सारा जीव त्या नकाशात अडकलेला. त्यातलं ओ की ठो कळत नसताना रोज जेवताना विचारायचा, झालं का बाई, किती राहिलं?

जुन्या मशीनला तो नकाशा पेलवेना. मग रागिणीनं अकोल्याहून नवी डिस्क आणि रॅम आणली, मोबाइलवर बघून बघून स्वतःच बसवली, आणि खंडेनवमीच्या सकाळी जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवायला लावलं. त्याला वेळ लागणार होता. आत हवा खेळावी म्हणून डब्याची एक बाजू उघडीच ठेवली. ती घरात थांबली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण दसऱ्याच्या तोंडावर झेंडूवाल्याच्या घरात थांबतं कोण? मजूर मिळत नाहीत आणि माल तर गाडीत भरायचाच असतो. मायलेकी दोघी तोडायला वावरात गेल्या, देवीदास पूजेपुरता मागं राहिला. जाताना तिनं बापाला बजावलं होतं, "बाबा, याले हात नोका लावू."

हात लावायचा नाही, हे त्यालाही मान्य होतं. पण पूजा करणं म्हणजे का हात लावणं झालं? त्यानं विळे, खुरपी, वजनकाटा, पंप ओळीनं मांडले आणि सगळ्यांना कुंकू-फूल वाहिलं. मग ज्या यंत्रावर लेकीचं नशीब टांगलेलं, त्यालाच नेमकं कोरडं कसं ठेवायचं? दरवर्षी तो वरच्या पत्र्याला कुंकू लावायचा. आज आतलं खरं यंत्र उघडं होतं. गाभारा उघडा असताना उंबऱ्यावरून कोणी परत फिरतं का? त्यानं ओलं कुंकू आतल्या हिरव्या पाटीला लावलं, तांब्यात झेंडू बुडवला, आणि माह्या पोरीचं काम होऊ दे म्हणत पाणी शिंपडलं.

तडतड आवाज झाला. जळका वास सुटला आणि समोरचा पडदा काळा पडला.

देवीदासची पाचावर धारण बसली. त्यानं बटण बंद केलं, दुपट्ट्यानं आतलं पुसलं आणि पत्रा लावून टाकला. रागिणी परत आली तेव्हा तो ओट्यावर बसला होता. तिनं विचारलं, तर म्हणाला, विजेची लाईन गेली-आली होती, म्हणून पत्रा लावून ठेवला. या पोरीशी तो कधी खोटं बोलला नव्हता. बोलला तो नेमका त्या दिवशी.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं अकोट करून अकोल्याला निघाले. एसटीत डबा त्यानं स्वतःच्याच मांडीवर घेतला, लेकीला देईना. दुरुस्तीवाला शेखर ओळखीचा होता, तोंडाचा मोकळा. त्यानं डबा उघडला, पंखा काढला आणि हसायलाच लागला. पंख्याखाली झेंडूची पाकळी चिकटलेली, पाटीच्या खाचांत कुंकू वाळलेलं.

"हे कोणं केलं बे?"

देवीदास दुपट्ट्याचं टोक चाळवत राहिला. रागिणीनं त्या पाकळीकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं नाही.

"म्याच पूजा केली होती," ती म्हणाली.

मग शेखरनं तिला चांगलंच धारेवर धरलं. शिकल्यासवरल्या पोरीनं चालू मशीनवर पाणी शिंपडावं म्हणजे काय! ती मान खाली घालून ऐकत राहिली. शेजारी बाप उभा होता, आणि धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं होतं. बोर्ड गेला होता, दोन्ही डिस्कही गेल्या होत्या. आतलं काही निघणार नव्हतं. गावातल्या नेटवरून तो जड नकाशा कधी पुढं सरकलाच नव्हता, म्हणून त्याची दुसरी प्रतही कुठं नव्हती.

परतीच्या एसटीत देवीदास अकोटपर्यंत मनात वाक्य जुळवत होता. शेवटी "बाई" एवढंच निघालं.

"राहू द्या बाबा," रागिणी म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

कंपनीनं मुदत वाढवून दिली नाही. दिवाळी झाली आणि रागिणी पुण्याला गेली. तिची माय गंगूबाई अजूनही शेजारणींपुढं लाईनच्या नावानं बोटं मोडते. मेलीनं माह्या पोरीले घरातून काढलं, म्हणते. असं बोलणं निघालं की देवीदास उठून वावरात जातो. लेकरानं चुकावं आणि बापानं झाकावं, ही जगाची रीत. त्याच्या घरी ती उलटी झाली, आणि ते त्याला आजही सोसवत नाही.

यंदाच्या खंडेनवमीला त्यानं विळे, खुरपी, पंप मांडले तेव्हाच रागिणीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्यासमोर कंपनीचा लॅपटॉप होता. म्हणाली, याचीही पूजा करा न बाबा, फोनातूनच करा.

देवीदासनं तांब्याजवळचं फूल उचललं. दुपट्ट्यानं ते पुसलं, परत पुसलं, पार कोरडं केलं. मग फोनपासून हातभर दूर धरून उभा राहिला.

"जवळ आणा बाबा," ती म्हणाली. "काई नाही होत."

त्यानं आणलं नाही.