गोड बंद

घरी असलो की माझी तब्येत एकदम टकाटक असते. भर पावसात गुडघाभर चिखलात उभा राहून लावणी करीन, साधी शिंक येणार नाय. पण कुठं पाहुणा म्हणून गेलो की माझं काय ना काय निघतंच. कोलाडला भाचीकडं राहायला गेलो, तर पहिल्याच दिवशी एवढे वडे हाणले की दुसऱ्या दिवशी बायको एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मला धरून एसटीत चढली. देवाला गेलो, तिथं थंडीताप. एका लग्नात वरातीपुढं नाचताना कंबर धरली, तर नवऱ्यामुलाच्या आधी मलाच गाडीत घालायची पाळी आली.

ह्यात नुकसान सगळं हिचं. मी आजारी पडायचो आणि हिची सुट्टी संपायची. बिचारी नवीन लुगड्याची घडी मोडायच्या आत परत घरच्या चुलीपुढं.

त्या साली वाल पेरून झाले आणि लेकीचा फोन आला. लेक रोह्याजवळ वरसे गावात राहते, जावई कंपनीत शिफ्टला जातो. म्हणाली, "आईला घेऊन या, निवांत राहा." हिनं लगेच पोह्याचे पापड बांधले. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "ओ, एक सांगते. ह्या वेळी तुम्ही आजारी पडलात ना, तर मी पुन्हा कुठंच येणार नाय. कंटाळले मी अर्ध्यातून परत येऊन."

हसत हसतच म्हणाली. पण माझ्या मनाला लागलं ते. ठरवलं, काय वाट्टेल ते झालं तरी ह्या वेळी ठणठणीत राहायचं.

आता त्याच आठवड्यात पेणच्या डॉक्टरनं मला साखर सांगितली होती. गोळी दिली, म्हणाला, "गोड बंद." पुढंही बरंच काय काय बोलला, पण तोवर मी बाकड्याखाली वाकून माझी एक चप्पल शोधत होतो. माझ्या कानात शिरलं ते एवढंच, 'गोड बंद'. म्हटलं, सोपं हाय.

लेकीकडं पोचलो. तिनं हौसेनं ताट वाढलं.

"हे कसलं वरण गो, बाय?"

"गोडं वरण, बाबा."

"नको."

तिला वाटलं, बाबांना तिखट पाहिजे. संध्याकाळी वालाचं बिरडं केलं. मी विचारलं, "वाल कुठले, कडवे का गोडे?"

"गोडे."

"राहू दे. भूक नाय."

गोडं वरण चवीला गोड नसतं, हे मला ठाऊक नाय होय? जन्म गेला ते खाण्यात. पण मी असा विचार केला, की माणसं उगाच नाव ठेवत नायत. साखर आत कुठंतरी लपून बसली असणार, म्हणून तर आपल्याला एवढी वर्षं कळली नाय. मग गोडं तेल आलं, गोडा मसाला आला. लेकीच्या सैपाकघरात तर सगळीकडं गोडच गोड. उरले फक्त कडवे वाल. कडू म्हणजे साखरेचा दुश्मन. लेकीला म्हटलं, माझ्यापुरते तेवढे कर, बिनतेलाचे. ते आणि चतकोर भाकर, एवढ्यावर मी दिवस काढायला लागलो. गोळी मात्र घड्याळ लावून घेत होतो.

जावई तर माझ्यावर खूश. "बाबांचा कंट्रोल बघा," म्हणायचा. हीसुद्धा खूश. लेकीला म्हणाली, "पहिल्यांदा तुझा बाप कोणाकडं जाऊन बेतानं जेवतोय. शहाणपण आलं गो."

आणि ही अशी काय फुलली होती! लेकीबरोबर बाजारात जायची, शेजारणीशी गप्पा मारायची, दुपारी पंखा लावून आडवी व्हायची. एकदा मला म्हणाली, "ओ, मला आज आपल्या म्हशीची आठवणच नाय झाली." मी म्हटलं, "माझी झाली का?" तर म्हणाली, "तुम्ही समोरच बसलाय, काय करणार."

मग एका संध्याकाळी आम्ही तिघं कुंडलिकेच्या काठी फिरायला गेलो. निघताना मी गोळी घेतली, म्हटलं जेवणाचं परत आल्यावर बघू. नदीवर गार वारा सुटला होता. ही बाकावर टेकली, चपला काढल्या, पाय पसरले आणि पाण्याकडं बघत बसली. मग हळूच म्हणाली, "असं नुसतं बसायला कधी आलोच नाय ना आपण."

नेमकं तेव्हाच माझ्या अंगाला घाम फुटला. हात थरथरायला लागले. समोरची नदी एकदा इकडून जायची, एकदा तिकडून. म्हटलं, मेलो, आलं माझं आजारपण. पण बोलायचं नाय. ही बसलीय, तिला बसू दे. मी बाकाची कड घट्ट धरली आणि तोंडावर हसू आणलं.

ते हसूच हिनं ओळखलं. "ओ, थंडीत घाम कसला?"

"काय नाय गो. बैल जरा हलतोय."

"कुठला बैल?"

मी बाक दाखवला.

ही किंचाळलीच. शेजाऱ्याचं असंच झालेलं लेकीनं बघितलं होतं, म्हणून तिला लगेच कळलं. "साखर उतरली गो आई, बाबा जेवले नायत!" म्हणत ती रसवाल्याकडं धावली आणि ग्लास भरून उसाचा रस घेऊन आली. मी दात आवळून धरले.

"गोड बंद!"

"बाबा, प्या!"

"डॉक्टरनं सांगितलंय, गोड बंद!"

हिनं माझं नाक धरलं. "तोंड उघडा, नायतर हा रस नाकातून ओतीन." श्वास घ्यायला तोंड उघडलं तर रसच आत आला. थोड्या वेळानं नदी पुन्हा एकाच बाजूला वाहायला लागली.

तिथून रिक्षानं दवाखान्यात. मी काय काय सोडलं ते डॉक्टरीणबाईंना एकेक करून सांगितलं. गोडं तेल आल्यावर त्यांनी तोंडावर रुमाल धरला. मग म्हणाल्या, "काका, गोळी घेतली की पोटभर जेवायचं. उपाशीपोटी गोळी घेऊन मरायची पाळी आली होती तुमच्यावर." लेक हसली, मीही हसलो. ही नाय हसली. पदरानं डोळे पुसत होती.

घरी आल्यावर बघतो तर ही पिशवी भरतेय. लेक तिची समजूत काढून दमली. ही म्हणाली, "नाय गो, सकाळच्या गाडीनं जातो. ह्यांना घरीच बरं वाटतं."

मी म्हटलं, "तू राहा. मी एकटा जातो."

"जाल की. पेणपर्यंत कोणाकोणाला बैल म्हणत जाल?"

मला हसू आलं, पण ती वर बघेचना. पातळाची घडी घालत होती, मोडत होती, परत घालत होती. मग विचारलं, "एवढा घाम फुटला तर मला सांगितलं का नाय?"

"सांगितलं असतं तर तू उठली असतीस."

"म्हणजे?"

"बसली होतीस ना चांगली, पाय पसरून. म्हटलं, बसू दे अजून थोडी."

तिचा हात थांबला. पातळ तिनं मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "आधी जेवा." लेकीनं ताट वाढलं. वरण, भात, तुपाची धार. ही समोर बसली, आणि मी शेवटचं शीत खाईपर्यंत हलली नाय. ताट चाटूनपुसून झालं तेव्हा पिशवीची चेन ओढायची सोडून तिनं पातळं परत बाहेर काढली.

ठरले होते तेवढे सगळे दिवस आम्ही राहिलो. एका दुपारी मायलेकी दोघीच बाजारात गेल्या. जाताना ही म्हणाली, "जेवलात की फोन करा." मी वेळेवर वाढून घेतलं, जेवलो, फोन केला. उचलून तिनं एवढंच विचारलं, "पोटभर?" मी म्हटलं, "व्हय." मागं बाजाराचा गलका होता. "मग आम्ही जरा उशिरा येतो," म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

ऊन उतरल्यावर जिन्यात दोघींचं हसणं ऐकू आलं. माझ्यावरच हसत असणार, दुसरं काय. ही मध्येच थांबायची, दम घ्यायची आणि परत हसायची. मी दार उघडायला उठलो होतो. मग तसाच उभा राहिलो. म्हटलं, येऊ दे सावकाश.