भोंगेवाला श्रीमंत आणि घाटावरची ट्यूब

कोपरगावात श्रीमंतचा आवाज ऐकला नाही असा माणूस सापडणं कठीण. तंबूतल्या सिनेमाची जाहिरात करायला तो टांग्यात भोंगा लावून बसायचा आणि त्याच तालात भांड्यांचा सेल, देवीची लस, हरवलेली म्हैस, सगळं पुकारायचा. "देवानं गळा देताना हात सैल सोडला, डोकं देताना आवळला," असं तो स्वतःच चहाच्या टपरीवर सांगे आणि दुसरं कुणी हसायच्या आत आपणच हसून घेई.

दुष्काळात माणसं गोदावरीच्या वाळूतून चालत पलीकडे जात होती. त्र्याहत्तरच्या श्रावणात नदी पुन्हा पायऱ्यांना लागली आणि अख्खं गाव आंघोळीला धावलं. कुठली पायरी कुठं संपते, हे मात्र सगळे विसरले होते. पहिल्याच आठवड्यात बाहेरगावचा एक माणूस चार जणांच्या डोळ्यांदेखत बुडाला. काठावर साधी दोरीसुद्धा नव्हती.

मग तरुण मंडळानं ट्रकच्या जुन्या ट्यूबा आणल्या, हवा भरली, प्रत्येकीला एक दोरी बांधली आणि घाटावरच्या खांबांना नुसत्या अडकवल्या. अडकवल्या खऱ्या, पण कशासाठी ते कुणाला कळेना. बायका त्यांवर लुगडी वाळत घालू लागल्या. एका ट्यूबची दोरी कुणाच्या तरी म्हशीच्या गळ्यात गेली. तेव्हा मंडळाचा रंगनाथ श्रीमंतकडे आला.

"श्रीमंतभाऊ, लोकांना समजून सांगाया पायजे. तुमच्याबिगर कोन सांगनार?"

एवढं म्हटल्यावर श्रीमंत त्या ट्यूबांपेक्षा जास्त फुगला. दुसऱ्या दिवशी टांगा निघाला. "बुडत्याला वाचवा! ट्यूब फेका! आपल्या घाटावर, आजपासून!" ताल अर्थातच सिनेमाचा. संध्याकाळी तंबूच्या खिडकीवर दोन शेतकरी येऊन विचारून गेले, "ट्यूबचा खेळ कधी लागनार हाय?"

हे कळल्यावर त्याची बायको राहीबाई पदरात तोंड घालून हसली. "तुमी ट्यूब कशाला हाय ते सांगताय, का तिकिटं इकताय?"

श्रीमंतला ते लागलं. आता घाटावर जाऊन करूनच दाखवायचं, असं त्यानं ठरवलं. आपल्याला पोहता येत नाही ही गोष्ट त्याला आठवत होती, पण ती त्याला कुणी विचारली नव्हती.

श्रावणी सोमवारी घाटावर मुंगीला जागा नव्हती. श्रीमंत धुतलेला सदरा घालून, हातात पत्र्याचा कर्णा घेऊन पाण्याजवळच्या पायरीवर उभा राहिला. "मंडळी, बुडणाऱ्यानं घाबरू नये! हातपाय झाडू नयेत! काठावरच्यांनी खांबावरची ट्यूब काढावी आणि..." पुढचं वाक्य जोरात म्हणण्यासाठी त्यानं एक पाय मागे घेतला. तिथं शेवाळ होतं.

कर्णा एकीकडे आणि श्रीमंत दुसरीकडे. एका क्षणात तो घाबरलाही आणि हातपायही झाडू लागला. "वाचवा! मेलो! वाचवा!" आयुष्यभर कमावलेला आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला. घाटावरची माणसं खूश झाली.

"काय हुबेहूब करतोय बघा!" कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. नाकातोंडात पाणी जात असताना त्या टाळ्या श्रीमंतनं ऐकल्या आणि, नंतर तो सांगे, क्षणभर त्याला बरंही वाटलं.

भामाबाई तिथंच गोधड्या आपटत होती. तिचं घर टांग्याच्या रस्त्यावर, त्यामुळं श्रीमंतचा आवाज तिच्या डोक्यात बसलेला. तो आवाज बारीक झाला, मग बंद पडला, आणि तिनं मान वर केली. "आरं, गप झाला त्यो! खेळ न्हाई ह्यो, खरंच बुडतोय!" ती खांबाकडं धावली, ट्यूब उतरवली आणि सगळा जोर लावून फेकली. ट्यूब बरोबर श्रीमंतच्या पुढ्यात पडली. त्यानं तिला मिठी मारली.

पण तिच्या मागोमाग दोरीही सगळीच्या सगळी पाण्यात गेली. एक टोक हातात धरून ठेवायचं असतं, हे भामाबाईला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार होता श्रीमंत, आणि ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मग श्रीमंत ट्यूबवर पोट टाकून, मागं दोरीचं शेपूट सोडून, सगळ्या घाटासमोरून वाहत निघाला. काठानं माणसं धावू लागली. कुणी "डावीकडं या!" म्हणत होतं, जणू त्याच्या हातात बैलांचे कासरे होते. वळणावर एका बाभळीच्या मुळांत दोरी अडकली, तेव्हा कुठं मळ्यातल्या गड्यांनी त्याला ओढून काढला. रंगनाथ धापा टाकत पोचला. श्रीमंतनं पाणी ओकलं आणि पहिलं वाक्य बोलला, "दोरी बांधून ठिवा रं आधी."

दोन दिवस तो घरातून बाहेर पडला नाही. लोकांना कोणत्या तोंडानं सामोरं जायचं? राहीबाईनं गवती चहा पुढं ठेवत म्हटलं, "सगळा गाव तुमचंच बोलतोय. आता सांगाल तर ऐकत्याल तरी."

ते त्याला पटलं. टांगा पुन्हा निघाला. "मंडळी, ट्यूब फेका, पण दोरीचं टोक सोडू नका! सोडलं म्हणजे काय हुतं ते माझ्याकडं बघा! वळणापतुर फुकट गेल्तो!" लोक दारात येऊन ऐकू लागले. मंडळानं दोऱ्यांची टोकं खांबांना पक्की बांधली. लुगडी हटली.

गणपती विसर्जनाला काकासाहेब नावाचा एक गृहस्थ मूर्तीसकट खोलात घसरला. काठावरच्या तिघांनी एकदमच ट्यूबा फेकल्या. एक त्याच्या डोक्यात बसली, पण दुसरी हाताला लागली आणि दोरी धरून त्याला ओढून वर काढलं. त्या वेळी श्रीमंत गावाच्या दुसऱ्या टोकाला नव्या सिनेमाची जाहिरात करत होता. त्याला हे टपरीवर कळलं. ट्यूब फेकणाऱ्यांपैकी एक जण तिथंच चहा पीत होता.

"दोरी धरून वढायची हे तुला कुनी सांगितलं रं?" श्रीमंतनं मान ताठ करून विचारलं.

"भामाबाईनं," तो म्हणाला. "रोज घाटावर कपडे धुता धुता समद्यांना सांगती की ती."

टपरी हसली. सगळ्यात मोठ्यानं श्रीमंतच हसला, आणि त्या गड्याला आणखी एक चहा सांगितला.