एक जूनचा खुलासा

क्रांती चौकामागं राहणारे लक्ष्मणराव गायके भूमापन खात्यातून निवृत्त झाले होते. लेक उमा फिनलंडला शिकत होती. तिकडचं तिकीट जानेवारीतच परवडत होतं, म्हणून ऐन हिवाळ्यात पाच दिवस तिच्याकडं जायचं ठरलं. थंडीपेक्षा लक्ष्मणरावांना धास्ती होती एक जूनची. लासूर स्टेशनच्या शाळेत गुरुजींनी नाव घालताना पोरांची सरसकट हीच जन्मतारीख मांडली होती. त्यांच्या बायकोच्या, आशाबाईंच्या शाळेतही तेच घडलं होतं. आता व्हिसाच्या दोन्ही अर्जांवर एक जून दिसत होता. तारखांवरून संशय आलेले कितीतरी अर्ज लक्ष्मणरावांनी स्वतःच नोकरीत परत पाठवले होते.

"कागद बनावट वाटले तर लेक भेटायची नाही," म्हणत त्यांनी दोन पानी खुलासा लिहिला.

"इचारल्याबिगर कशाला सांगायचं?" आशाबाई वैतागल्या. "हापिसातली खोड काही जाईना तुमची."

तरी लक्ष्मणरावांनी तो फायलीत लावलाच.

पुण्यात व्हिसा केंद्राच्या खिडकीवरच्या मुलीनं तारखांकडं लक्षही दिलं नव्हतं. खुलासा वाचून मात्र तिनं मान वर केली. "मग खरी तारीख कोणती?"

लक्ष्मणराव उगाच फाईल चाळू लागले. खरी तारीख कुणालाच ठाऊक नव्हती.

"ताई, तो कागद द्या इकडं," आशाबाईंनी हात पुढं केला. "भ्याले की लिवत बसतात हे."

मुलगी हसली, खुलासा परत दिला आणि अर्ज ठेवून घेतले. निकाल पंधरा दिवसांनी कळणार होता.

परतीच्या बसमध्ये लक्ष्मणराव पुन्हापुन्हा विचारत राहिले, "तिनं पूर्ण वाचला नसंल ना गं?"