शेजारणीच्या विरजणाचं बिल

फुकटची वस्तू लोकांच्या गळ्यात मारायला एवढी धडपड करणारा माणूस, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान सोडले तर, अख्ख्या वर्धा जिल्ह्यात झाला नाही. ती वस्तू म्हणजे सीडी. बोरगाव मेघेत भाऊजींचा कॉम्प्युटर क्लास होता. नागपूरहून मोडीतले कॉम्प्युटर आणायचे आणि त्यांवर फक्त मोकळी सॉफ्टवेअरं चालवायची, म्हणजे कोणीही घ्यावीत, उघडून सुधारावीत, पुढे वाटावीत अशी. विकतच्या सॉफ्टवेअरची चोरून केलेली कॉपी गावभर चालायची, भाऊजी तिला शिवत नसत. लग्नाच्या आहेरात सीडी, वास्तूला सीडी. कारंजा घाडग्याच्या एका ढाबेवाल्याला दिली, तर त्यानं ती संत्र्याच्या झाडाला पाखरं हाकलायला टांगली. भाऊजी शांतपणे म्हणाले, "लटकू दे. तो कम्प्युटर घेईन तवा उतरवन." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि हे मी कोणी न विचारताच सांगतो. पण मला कॉम्प्युटरपुढे बसवलं ते याच माणसानं.

मग शासनाचा एक प्रस्ताव आला. सॉफ्टवेअरच्या खरेदीचं बिल दाखवील त्याच क्लासला यापुढे मान्यता. मोकळी सॉफ्टवेअरं परीक्षेला चालणार नाहीत. मान्यता गेली की प्रमाणपत्र गेलं, आणि प्रमाणपत्रावाचून क्लासातल्या पोरींना नोकरीत कोण विचारतं? क्लासवाल्यांचं म्हणणं ऐकायला वर्ध्यात बैठक ठेवली होती. भाऊजींबरोबर मीही गेलो. त्यांनी सवयीनं साहेबांपुढे सीडी सरकवली. साहेब खुर्चीसकट मागे सरकले आणि, अर्जदाराकडून वस्तू घ्यायला मी तसला अधिकारी वाटलो का, असं सगळ्यांदेखत सुनावलं. मग बिल मागितलं.

"बिल नाई साहेब," भाऊजी म्हणाले. "शेजारनीकडून इरजन आणलं त त्याचं बिल रायते का? आपलं दही लागते, तिचंबी कमी होत नाई."

"मास्तर, दह्याची परीक्षा आम्ही घेत नाही."

सगळे हसले. भाऊजीही मनापासून हसले. विनोद चांगला असला की तो कोणावर झाला, हे ते पाहत नसत.

घरी ताईनं विषय काढला. बाकीचे विकतचं घेऊन राह्यले, तुमीबी घ्या न, पोरी तुमच्या भरोशावर आहेत, म्हणाली. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी एकेकीला स्कूटरवर मागे बसवून वर्ध्याच्या दुसऱ्या क्लासात नेलं आणि नाव घालून दिलं. परत येऊन ब्रश घेतला आणि क्लासच्या पाटीवरचा 'शासनमान्य' हा शब्द रंग फासून झाकून टाकला. नियम अजून झालाही नाही, असं मी म्हणालो.

"ज्याची खात्री नाई, ते पोरींले काऊन दाखवू?"

तो प्रस्ताव पुढे कुठल्या टेबलावर झोपला, कोणालाच कळलं नाही. नियम काही झाला नाही, पण गेलेला क्लासही परत भरला नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र त्यातल्या दोघीतिघी यायच्या. तिकडे मशीनला हात लावू देत नाहीत, म्हणायच्या. भाऊजी त्यांना मशीन उघडायला पेचकस द्यायचे आणि आपण बाहेर पायरीवर, दाराकडे पाठ करून बसायचे. आतून बडबड ऐकू येई तोवर ताईनं चहाला हाक मारली तरी ते उठत नसत.