उंदराचं अंथरूण

कल्पना करा, तुम्ही स्वयंपाकघरात सिंकखाली पोटावर पालथे पडला आहात. गाल फरशीला टेकलाय, विजेरी दातांत धरलीय, आणि भिंतीतून पाण्याचा पाइप जिथून आत येतो तिथे पाइपभोवती बोटभर फट दिसतेय. फटीच्या तोंडाशी काळ्या, बारीक लेंड्या. ही फट आज बुजवायची आहे. तुम्ही हातात काय घ्याल?

कुणी सिमेंट म्हणेल, कुणी भेगा भरायची लांबी, कुणी सरळ फोन करून माणूस बोलावेल. माझी आत्या अशा वेळी गुडघ्यावर हात ठेवून उठते, आतल्या खोलीत जाते आणि कापड घेऊन येते.

आत्याचं राहत्या घरातच कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर दुकानाच्या नावाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘नवीन कपडे शिवून मिळणार नाहीत.’ पँटची लांबी कमी करणं, अडकलेली चेन बदलणं, माणूस वाढला तर शिवण उसवून सैल करणं आणि बारीक झाला तर पुन्हा आत घेणं, हे तिचं काम. “नवं कुणीही शिवतं,” ती म्हणते, “माणसांचं अडतं ते जुन्यात.”

नोकरी लागली तेव्हा मी तिच्याच गावात राहायला आले, आणि वेगळी खोली शोधायची गोष्टच निघाली नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअर. घरात शिरल्या दिवशी मला वाटलं, हे घर यंत्राचं नसून कपड्याचं आहे. चारही खुर्च्यांच्या पायांत मोजे. फ्रिजचं दार सैल झालं होतं, त्याला आत इलॅस्टिकची पट्टी. स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर तिने जुन्या रबरी चपलेतून, कात्रीने, काजासारखा गोल कापून बसवलेला, आणि तो थेंबभरही गळत नव्हता. न्हाणीघराची कडी मात्र लाल फितीने बांधलेली.

“ही कधी बदलणार?” मी विचारलं होतं.

“तो कच्चा टाका आहे,” आत्या म्हणाली. “आधी कच्चा टाका घालून बघायचं, नीट बसतंय का. मग पक्की शिलाई.”

“आमचं लग्न झालं तेव्हापासून बसतंय का ते बघणं चालू आहे,” आतोबा पेपराआडून बोलले. “कडीचंही आणि माझंही.”

आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी दारात घुटमळणाऱ्या पाहुण्याला अजून ‘पुढे चला, पुढे जागा आहे’ म्हणतात. घरातल्या दुरुस्तीत त्यांचं काम एकच, स्टूल धरायचं आणि टोमणे मारायचे.

तर या घरात उंदीर शिरला. पहिल्यांदा तो आतोबांना दिसला. चहात बिस्किट बुडवलेलं तसंच ठेवून ते म्हणाले, “विनातिकीट प्रवासी चढलाय.” बिस्किट विरघळून कपाच्या तळाशी गेलं.

एरवी आत्याने उंदराचं एवढं मनावर घेतलं नसतं. पण त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. ताई म्हणजे आत्याची एकुलती एक मुलगी, लांबच्या शहरात राहणारी. तिची लेक नुकती रांगायला लागली होती आणि आत्याने नातीला फक्त फोनच्या पडद्यावर रांगताना पाहिलं होतं. ताईला मोठी सुट्टी मिळाली होती. ती अख्खी सुट्टी ती आईकडे काढणार होती.

एवढ्यात मागून आतोबांनी उत्साहाने नव्या पाहुण्याची बातमी दिली.

 लहानपणी शाळेत निघताना ताईने बुटात पाय घातला होता आणि बुटात आधीच कुणीतरी होतं. तेव्हापासून उंदीर म्हटलं की ती पाय वर घेऊन बसते.

“आई, माझं पोर फरशीवर रांगतं. दिसेल ते तोंडात घालतं. उंदीर गेला की सांग, मग येते. नाही गेला तर मी सासूबाईंकडे जाते, त्याही कधीच्या बोलावतायत.”

फोन ठेवल्यावर आत्याने आतोबांकडे असं पाहिलं की त्यांनी पेपर पुन्हा उघडला. मग तिने पदर खोचला.

सिंकखालच्या फटीत तिने जाड सुती कापडाची सुरळी करून पेचकसाने ठासून ठासून भरली. मी सांगितलं की उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या जागेतून जातो आणि कापड तर तो सहज कुरतडतो. “चार घड्या घातल्यात,” ती म्हणाली. “एवढ्या घडीतून माझी सुईसुद्धा मोडते.”

सकाळी फट मोकळी होती. कापडाचा मागमूस नाही, धागासुद्धा नाही.

तिने जाड गॅबर्डिन भरलं. ते गेलं. पडद्याचं कापड भरलं. तेही गेलं. “जरा साधं कापड वापर,” आतोबा म्हणाले, “त्याला चटक लागलीय.”

मी लोखंडी सामानाच्या दुकानातून पिंजरा आणला. आमिष म्हणून आकड्याला पाव अडकवला. पाव वाळून लाकडासारखा झाला, पण उंदीर काही पिंजऱ्यात गेला नाही. शेंगदाणे ठेवले, खोबरं ठेवलं. त्याने नाक लावलं नाही. तिकडे ताईचा रोज फोन. “गेला?”

“गेला म्हणून सांगून टाक,” आतोबा हळूच म्हणाले. “आल्यावर परत थोडीच जाणार आहे.”

“वा. गिऱ्हाइकाला पक्की शिलाई सांगून कच्चा टाका द्यायचा? कपडा परत येतो तो तोंडावर फेकलेला येतो.” आणि फोनवर, “नाही गं, अजून नाही गेला.” ते सांगताना तिचा आवाज एवढासा झाला. आतोबांनी त्यावर टोमणा मारला नाही.

त्या संध्याकाळी आत्याने टेलरिंगचा खडू काढला. निळा, चपटा, कापडावर खूण करायचा तो. वड्यांमागून वड्या तिने खलबत्त्यात कुटल्या आणि निजण्याआधी ती भुकटी पिठाच्या चाळणीने स्वयंपाकघराच्या फरशीवर, दारात, थेट शिलाई मशीनपर्यंत पातळ पसरली. “कपडा कुठे आवळतो ते अंगावर घातल्याशिवाय कळत नाही,” एवढंच तिने सांगितलं.

सकाळी आम्ही तिघं दाराशी ओळीने उभे. निळ्या फरशीवर टाचणीच्या टोकांनी काढल्यासारखी पावलं उमटली होती. ती सिंकखालून निघाली नव्हतीच. ओट्याखालच्या कपाटाच्या तळफळीला कोपऱ्यात एक फट होती, तिथून निघाली होती. सिंकखालची वाट नुसती बाहेरून आत येण्याची. मुक्काम आमच्याच कपाटाखाली होता.

“आता पुढे बघा,” आत्या वाकून म्हणाली.

पावलं भिंतीच्या कडेकडेने जात होती. आतोबांच्या खुर्चीखाली थोडी रेंगाळली होती, कारण तिथे बिस्किटाचा चुरा. आतोबांनी छताकडे पाहिलं. मग पिंजऱ्याला वळसा घालून ती तडक मशीनपाशी गेली होती, आणि मशीनखालच्या टोपलीजवळ निळ्या रंगाचा नुसता राडा झाला होता. त्या टोपलीत आत्या चिंध्या ठेवते. कापलेली बाही, उरलेलं अस्तर, पँटच्या तळाची पट्टी, तिने आयुष्यात काही टाकलेलं नाही. परतीच्या पावलांमध्ये एक लांब सपाट ओरखडा होता. काहीतरी ओढत नेल्याचा.

आत्या तिथेच फरशीवर बसली.  मग हसायला लागली, खांदे हलेपर्यंत.

“काय झालं?”

“अगं, मी फट बुजवत नव्हते. मी त्याला रोज घरपोच गादी देत होते.” तिने डोळे पुसले. “खायला यांच्या खुर्चीखाली आहे, ते त्याला पुरतं. त्याला पाव नकोय. त्याला अंथरूण हवंय.”

“म्हणजे माझी खानावळ आणि तुझं लॉज,” आतोबा म्हणाले. “उगाच मला एकट्याला बोलू नकोस.”

पुढचं काम तिने माझ्याकडून करूनच घेतलं नाही. खुर्चीखालचा चुरा आतोबांना झाडायला लावला आणि चिंध्यांची टोपली उचलून कपाटाच्या माथ्यावर ठेवली. मग आतून एक मखमलीचा तुकडा शोधला, मऊ, दाट, जांभळा. त्यात थोडा कापूस भरला आणि पिंजऱ्याच्या आकड्याला दुहेरी दोऱ्याने पक्का शिवून टाकला. सैल ठेवला असता तर आकडा न हलवता तो काढून नेला असता, हे माझ्याही लक्षात आलं. ओढावं लागलं तरच दार पडणार. पिंजरा पावलांच्या वाटेवर, भिंतीला चिकटवून ठेवला.

सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आत खटका वाजला.

उंदीर अंगठ्याएवढा होता, राखाडी, मिशा थरथरणाऱ्या. एवढं होऊनही मखमल त्याने सोडली नव्हती. आतोबांनी पिंजऱ्यावर टॉवेल टाकला आणि स्वतः बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन त्याला माळावर सोडून आले. “तिकीट काढलंत का त्याचं?” आत्याने विचारलं. “हातातल्या सामानाला लागत नाही,” ते म्हणाले. नियम त्यांना पाठ होते.

आता फटी बुजवायची वेळ, आणि या वेळी आत्याने कापडाला हात लावला नाही. मी भांडी घासायच्या तारेच्या घासण्या उलगडून फटीत ठासल्या. तार कुरतडायला गेलं की तोंडाला टोचते, त्यामुळे उंदीर नाद सोडतो. वरून सिमेंट लिंपलं. ओल्या बोटाने ते गुळगुळीत करायला आत्या स्वतः पालथी पडली, आणि बोट फिरवता फिरवता म्हणाली, “हातशिलाईसारखंच आहे. घाई केली की दिसते.”

मात्र त्याआधी तिने कपाटाची तळफळी उचकटायला लावली होती. “आतलं बाहेर आल्याशिवाय वरून बंद करायचं नाही,” तिने बजावलं. पिल्लं असतील म्हणून मी फळी हळूहळू, इंचाइंचाने उचलली. पिल्लं नव्हती. फळीखाली वाटीएवढं घरटं होतं, इतकं नीट गोल विणलेलं की आत्या क्षणभर हातात हातमोजे घालून नुसतं बघत राहिली.

“हात चांगला आहे त्याचा,” ती म्हणाली.

तिने ते वर्तमानपत्रावर उलगडायला घेतलं. आमच्या गॅबर्डिनचे धागे निघाले, पडद्याचे निघाले, आणि मग टोपलीतला माल. आत्या चिमट्याने एकेक तुकडा उचलायची आणि ओळखायची. हे पोस्टमास्तरांच्या कोटाचं अस्तर, ते पोटामुळे दर वर्षी सैल करायला आणतात. ही त्या नर्सबाईंची बाही. हा यांचा खाकी युनिफॉर्म. आतोबा पेपर टाकून खाली वाकले. “खिशाजवळचा आहे,” ते म्हणाले. तुकडा नखाएवढाच होता, तरी त्यांनी ओळखला.

सगळ्यात तळाशी, जिथे उंदीर प्रत्यक्ष झोपत असणार, तिथे पिवळं कापड होतं. तलम, जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, त्यावर हिरवे बारीक ठिपके. आत्याने ते उजेडात धरलं. उलटं केलं. चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं.

“हे माझं नाही,” ती म्हणाली.

“विसरली असशील,” आतोबा म्हणाले.

“यांचं लग्नातलं तोंड विसरेन, कापड नाही विसरणार.”

सिमेंट वाळत होतं. ताईला फोन करायचा होता, आणि आत्या फोन हातात घेऊन उभी होती. ‘गेला’ हे आता खरं होतं. पण पिवळं कापड आमच्या घरातलं नसेल, तर ते बाहेरून आलं. सिंकखालच्या फटीतून आलं असेल तर ती बंद झाली. दुसरीकडून आलं असेल, तर एक वाट अजून कुठेतरी उघडी होती.

तिने फोन लावला आणि सगळं सांगितलं, गादीपासून पिवळ्या कापडापर्यंत.  मग ताई हसतेय की रडतेय ते कळेना.

“तू त्याला मखमल दिलीस?”

“कापूसही भरला.”

“माझ्या बाहुलीला कधी मखमल दिली नाहीस.” मग जरा थांबून, “आता पावलं उमटतायत?”

“खडू रोज पसरणार आहे. एक जरी पाऊल दिसलं तरी तुला सांगेन.”

“सांगशील, माहितेय मला. म्हणून तर येतेय.”

रोज सकाळी फरशी निळी आणि कोरी निघाली. मग ताई आली. दुसऱ्या दिवशी फरशी पुसायच्या आतच नात आतल्या खोलीतून सुटली, आणि आत्या फडकं घेऊन येईपर्यंत दारापासून मशीनपर्यंत निळ्या तळव्यांची रांग उमटली होती. ताई खुर्चीत बसली होती, दोन्ही पाय जमिनीवर. आत्याने ती फरशी दुपारपर्यंत पुसली नाही.

पिवळा तुकडा तिने उकळत्या पाण्यात धुतला, इस्त्री केला आणि मशीनजवळच्या भिंतीवर टाचला. खालच्या मजल्यावरच्या बाईंना तिने वर बोलावून दाखवला, शेजारच्या पेंटरला दाखवला, गच्चीवर वाळत घातलेले सगळ्यांचे कपडे हळूच तपासून आली. पोस्टमास्तर कोट सैल करायला आले तर त्यांचं माप घ्यायच्या आधी त्यांना भिंतीपाशी नेलं. कुणाच्याच घरात असं कापड नाही, कधी नव्हतं. मला तर ती अजून, जेवताना मध्येच हात थांबवून विचारते, “तू इंजिनिअर ना? मग सांग, या इमारतीत कुणाकडेच नसलेलं कापड त्याने कुठून आणलं असेल?”